जीपचा झिजलेला चेसिस नंबर आणि १,६५० रुपयांचा यूएसबी मायक्रोस्कोप : सात महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात या मायक्रोस्कोपचा दिवा गेला. वॉरंटी एक वर्षाची, वापर सात महिन्यांचा. विक्रेत्याने आधी बिल मागितलं, मग खोक्यावरच्या बारकोडचा फोटो, आणि शेवटी कळवलं की दिवे वॉरंटीत येत नाहीत. चार दिवसांत अकरा निरोप झाले. त्या रागातच लिहायला बसलो होतो, पण मधल्या एका रात्रीमुळे अर्धा मजकूर खोडावा लागला.

आधी घेतला कशासाठी ते सांगतो. आजोबांनी १९६० च्या दशकात लष्कराच्या लिलावातली जीप घेतली होती. घरात तिला विलीजच म्हणतात, म्हणजे विलीज कंपनीची, आरसी बुकातही तेच लिहिलंय. पण पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसिसच्या सांगाड्याचा आडवा दांडा, विलीजसारखा गोल नळीचा नाही, उलट्या यू आकाराचा पत्र्याचा आहे, आणि कितीतरी बोल्टांच्या डोक्यांवर एफ कोरलेला आहे. म्हणजे चेसिस फोर्डची, जीपीडब्ल्यू (त्याच नमुन्याची फोर्डने बनवलेली जीप), १९४२ ते १९४५ मधली. हा फरक इथे महत्त्वाचा, कारण विलीजचा नंबर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. पट्टी गेली की नंबर गेला. फोर्डने तो थेट डाव्या लाँग मेंबरच्या, म्हणजे सांगाड्याच्या लांब उभ्या दांड्याच्या, माथ्यावर, शॉकअपच्या ब्रॅकेटच्या आसपास पंच केला, म्हणजे ठशाने ठोकून उमटवला. आमचा नंबर तिथेच होता, ऑइल, चिखल आणि रंगाच्या चार थरांखाली. विंटेज, म्हणजे जुन्या गाड्यांच्या, नोंदणीच्या कागदांसाठी त्याची पेन्सिलची छाप (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली) हवी होती. सहापैकी पाचवा आकडा गंजाने खाल्लेला, आणि आरसी बुकात नेमक्या त्याच जागी शाई फुटलेली. तीन की आठ, एवढाच प्रश्न होता. पण चुकीचा आकडा लिहून दिला तर आजोबांची गाडी कागदावर दुसरीच कोणती तरी ठरणार.

सफाईबद्दल कळकळीने सांगतो : ग्राइंडरवरचा वायर ब्रश लावू नका. तो गंजासोबत आकड्याच्या कडाही घासून गुळगुळीत करतो, आणि त्या कडाच तर वाचायच्या असतात. मी रॉकेल, रंग काढायचं रसायन आणि प्लास्टिकची पट्टी वापरली, मग गंज काढायच्या द्रावणात भिजवलेला कापूस रात्रभर ठेवला. तीन शनिवार त्यात गेले.

आता यंत्र. खोक्यावर हजार पट लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. अशा कामाला वीस-तीस पट पुरतं. स्टँड डुगडुगतो, पण चालवून घेता येतं. फोटो बरे येतात. माझी खरी तक्रार दिव्याच्या चाकाची. भिंगाभोवती आठ एलईडींचं कडं आहे आणि चाक पूर्ण खाली आणलं तरी ते बंद होत नाही! सगळ्या बाजूंनी सारखा उजेड पडला की सावलीच उरत नाही, आणि उथळ आकडा फक्त सावलीतून दिसतो. गंजाचा खड्डा आणि पंचाची रेघ, दोन्ही सारखीच काळी दिसतात. मी कड्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, पण दिवे पारदर्शक नाकाच्या आत असल्याने उजेड भिंगावर उलटतो आणि चित्र धुरकट होतं. चार पैशांचं बटण दिलं असतं तर हे सगळं टळलं असतं. सहा महिने मी त्या चाकावर वैतागत राहिलो.

तरी यंत्राने एक गोष्ट दाखवली, तिचं श्रेय देतो. पंच मारला की आकड्याखालचं पोलादही दाबलं जातं, दिसणाऱ्या खोलीच्या बरंच खाली. वरचा आकडा कानशीने घालवला तरी तो दाबलेला भाग आम्लाला वेगळा प्रतिसाद देतो. गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा पोलादावर यासाठी कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण वापरतात. मी भंगारातल्या पट्टीवर नंबर पंचाने ७ आणि ४ मारले, कानशीने सपाट केले, पाणीपेपरने चकचकीत केले आणि अंगणात, हातमोजे-चष्मा घालून ते द्रावण फिरवलं. काही मिनिटांनी स्क्रीनवर ७ उगवला, मग ४, आणि थोड्याच वेळात दोन्ही विरले. अंगावर काटा आला! फोटो तेव्हाच काढायचा, नंतर काही उरत नाही.

जीपवर मात्र हे केलं नाही. त्यासाठी आधी जागा घासून चकचकीत करावी लागते, आणि मूळ चेसिस नंबरच्या जागेवर कानस लावणं मला पटत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही ते अंगाशी येऊ शकतं. शिवाय गंज खोल उतरला असेल तर दाबलेलं पोलादही त्यानेच खाल्लेलं असतं. जवळ वेल्डिंग झालं असेल तर उष्णतेने पोलादातला तो पंचाचा दाब निघून जातो. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) इंजिन ब्लॉकवर तर हा उपाय जेमतेमच चालतो.

मित्राच्या जोंगावर, म्हणजे लष्करासाठी बनलेल्या जीपसारख्या गाडीवर, काम सोपं निघालं. जबलपूरच्या कारखान्यातली ती गाडी, नंबर पाट्यांवर, नुसत्या धुतल्या की झालं. तिच्या बंपरवर ओल्या ८०० नंबरच्या पाणीपेपरने हिरवा थर हळूहळू उतरवला तेव्हा लष्करी नंबराचा वर टोक केलेला बाण निघाला, त्यापुढे वर्षाचे दोन अंक.

तर दिवा गेला. कॅमेरा चालू होता, दिसत काहीच नव्हतं. रात्री शेडचे दिवे मालवून मी १८० रुपयांची टॉर्च लाँग मेंबरच्या अगदी अंगाला टेकवून धरली, उजेड पत्र्यावरून सरपटत जाईल अशी. पहिल्यांदाच चित्र काळं-पांढरं, स्वच्छ आलं. टॉर्च चारही बाजूंनी फिरवली. पंचाच्या रेघेची सावली सरळ कडेची असते आणि उजेडाबरोबर शिस्तीत बाजू बदलते. खड्ड्याची सावली फाटकी, कशीही पसरलेली. पाचव्या आकड्याच्या डाव्या अंगाला जे आठाचं पोट वाटत होतं, ते दोन खड्डे होते. आकडा तीन. मुलीला झोपेतून उठवून तिला काही न सांगता वाचायला लावला. तिनेही तीनच वाचला.

म्हणून आधी लिहिलेलं "घेऊ नका" मी खोडलं. घ्या, पण दिवा पूर्ण बंद होतो की नाही ते दुकानातच पाहा, आणि टॉर्च आधी घ्या. नुसती टॉर्च आणि फोनचा कॅमेरा यांवर निम्मी कामं होतात, तेव्हा १,६५० रुपये खर्चण्याआधी तेवढं करून पाहा.

काल विक्रेत्याने नमतं घेतलं : जुना परत पाठवा, नवा देतो. मी नको म्हणून कळवलं. नव्याचा दिवा चालू असेल. चारही बाजूंच्या उजेडातले फोटो आणि पेन्सिलची छाप आरसी बुकासोबत फाइलला लावली आहे, सोमवारी कागद देणार आहे.