एकच दिवस वारी: आळंदी-पुणे की पुणे-सासवड?

माउलींच्या पालखीबरोबर एकच दिवस चालायचं तर हे दोन टप्पे सोयीचे.

अंतर: आळंदी-पुणे साधारण २०-२२ किमी, जवळजवळ सपाट. पुणे-सासवड ३० किमीच्या वर, त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावतात, यावरून चढ ओळखा. पण लोक खचतात ते घाटमाथ्यावर. सासवड आलंच असं वाटतं आणि पुढे आठ-दहा किमी उरलेले असतात. घाटाच्या पायथ्याशी, वडकीला पाय मोकळे करा, मोजे बदला. ओल्या मोज्यांनीच फोड येतात.

खाणं: दोन्हीकडे वाटप भरपूर. सासवडचा टप्पा बहुधा एकादशीला येतो, म्हणून केळी, राजगिरा लाडू, खिचडी. उपास झेपत नसेल तर डबा घ्या.

परतणं: पुण्यात मधेच थांबून रिक्षा करता येते. घाटात ती सोय नाही, रस्ता वाहनांना बंद असतो. सासवडहून बोपदेव घाटाने या.

पहिलीच खेप, लहान मुलं किंवा गुडघेदुखी असेल तर आळंदी-पुणे. रोज दहा किमी चालायची सवय असेल तर सासवडच करा. घाटात वळणावळणावर भगव्या पताकांची रांग दिसते, तशी शहरात दिसत नाही.