जुनी ऑडी टीटी की नवी मर्सिडीज सी-क्लास?

तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी ही दोन दारांची कूपे २०१५ साली भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुमारे ६० लाख रुपये होती. मर्सिडीजने मे २०२२ मध्ये आणलेल्या सी-क्लासची किंमत ५५ लाखांपासून सुरू झाली. आज वापरलेली टीटी सी-क्लास या चार दारांच्या सेडानपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळते, परंतु तिचे सुटे भाग ६० लाखांच्या गाडीचेच आहेत आणि गाडीच्या वयाबरोबर त्यांचे भाव उतरलेले नाहीत, हे निर्णय घेणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावे.

केवळ चालवण्याच्या आनंदाचा विचार केला, तर माझा कौल निःसंशय टीटीला आहे. लांबी ४.१८ मीटर, व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) जेमतेम अडीच मीटर, अ‍ॅल्युमिनियम व पोलादाच्या मिश्र सांगाड्यामुळे वजन सुमारे १,३५० किलो आणि जोडीला दोन लिटरचे २३० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ५.३ सेकंदांत गाठते. मात्र तिचे खरे मोल ताम्हिणीसारख्या घाटात कळते. स्टिअरिंग वळवताच गाडी वळते, मागचा भाग रेंगाळत नाही आणि ओल्या रस्त्यावर गरज पडताच मागच्या चाकांनाही जोर मिळतो. आतील मांडणीही अजून जुनी वाटत नाही. मधोमध पडदा नाही, सारी माहिती चालकासमोरच्या १२.३ इंची पडद्यावर दिसते आणि वातानुकूलनाची बटणे हवेच्या झरोक्यांतच बसवलेली आहेत. सी-क्लासमध्ये तापमान बदलण्यासाठीही ११.९ इंची स्पर्शपडद्याकडे पाहावे लागते, आणि चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून हटवायला लावणारी ही रचना मला पटत नाही.

असे असले तरी सी-क्लासचे बलस्थान वेगळे आहे. तिची लांबी ४.७५ मीटर आणि व्हीलबेस २.८६ मीटर असल्यामुळे मागे दोन मोठी माणसे ऐसपैस बसतात. मधल्या तिसऱ्याला मात्र पायाखालच्या उंचवट्याचा त्रास होतो. टीटीच्या मागच्या आसनांवर लहान मूल किंवा पिशव्याच ठेवाव्यात, कारण प्रौढाचे डोके मागच्या काचेला लागते आणि दोनच दारे असल्याने वयस्कर माणसाला आत शिरणे कष्टाचे होते. शिवाय ही दारे लांब असतात. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असेल, तर ती पुरती उघडत नाहीत. दोघांच्याच प्रवासात मागची आसने दुमडल्यास ७१२ लिटर सामान मावते, ही टीटीची दुर्लक्षित राहिलेली सोय आहे.

सी-क्लासचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन २०४ अश्वशक्तीचे असून शहरात ते पुरेसे आहे. ज्यांना पुणे-मुंबई फेऱ्या वारंवार कराव्या लागतात, त्यांनी ४४० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देणारे दोन लिटरचे डिझेल इंजिन निवडावे, असे मी सुचवेन.

खर्चाची बाजू अधिक बारकाईने तपासावी. सी-क्लासची जुळणी आपल्या चाकणला होते. टीटी हंगेरीतील ग्यॉर येथून पूर्ण तयार होऊन येत असे. ऑडीचा जुळणी प्रकल्प छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला असला, तरी टीटी तेथे कधी जुळवली गेली नाही आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे उत्पादनच थांबले. साहजिकच, एखादा दिवा फुटला तरी तो परदेशातून येईपर्यंत थांबण्याची तयारी हवी. विम्यातही फरक पडतो. गाडीला दहा वर्षे उलटल्यावर साध्या विम्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा (भरपाईतून होणारी कपात) धरला जातो, प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर तर तो पहिल्यापासूनच ५० टक्के असतो, आणि हा फरक भरून काढणारे झिरो-डेप संरक्षण इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीसाठी आयात मोटारीला ४०,००० रुपये शुल्क आहे, तर देशी मोटारीला ५,०००; त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१५ च्या टीटीला २०३० मध्ये या खर्चाला सामोरे जावे लागेल.

म्हणून घरात एकच गाडी असणार असेल, तर सी-क्लास घ्यावी. रोजच्या कामासाठी दुसरी गाडी असेल आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवता येत असेल, तर टीटीचा विचार जरूर करावा, कारण अशी छोटी, हलकी कूपे आता कोणी सहसा तयार करत नाही. मात्र तपासणी कसून करावी. या इंजिनातील पाण्याचा पंप व थर्मोस्टॅटचे एकत्रित आवरण गळण्याबद्दल प्रसिद्ध आहे, त्यामुळे कूलंटची पातळी आणि वाळलेले डाग पाहावेत. गिअरबॉक्सचे तेल दर ६०,००० किलोमीटरला आणि मागच्या चाकांना जोर देणाऱ्या क्लचचे तेल दर तीन वर्षांनी बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात शोधावी. या नोंदी नसतील, तर गाडी कितीही चकचकीत दिसली आणि मालकाने किंमत कितीही उतरवली, तरी ती घेऊ नये.