रागाचे इंग्रजी शिकवणारा नौपाड्यातील वर्ग

ठाण्यात नौपाड्यात, गोखले रस्त्यालगत भरणाऱ्या इंग्रजी शब्दसंपदेच्या एका खासगी वर्गाने राग, हिंसा आणि विध्वंस या विषयाचे स्वतंत्र सत्र ठेवले आहे. बातम्यांच्या अनुवादात जाळपोळ, तोडफोड आणि हाणामारीशी माझी रोजचीच गाठ असल्यामुळे मी ते पूर्ण केले. त्यातील रागाचा भाग उत्तम, विध्वंसाचा चांगला आणि हिंसेचा मात्र निष्काळजी आहे.

शिकवणाऱ्या बाई समानार्थी शब्दांची जंत्री देत नाहीत. राग कोणाचा, कशामुळे आणि कितपत, हे आधी विचारतात. ‘अनॉइड’ म्हणजे नुसता वैताग, ‘इंडिग्नंट’ म्हणजे अन्याय झाल्याच्या भावनेतून आलेली चीड आणि ‘लिविड’ म्हणजे पराकोटीचा संताप, ही उतरंड त्यांनी नीट लावून दिली. घोडबंदरला यायला रिक्षावाल्याने नकार दिल्यावर प्रवासी ‘इन्फ्युरिएटेड’ होईल की ‘एक्झॅस्परेटेड’, यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. नकार पहिलाच असेल तर दुसरा शब्द बसणार नाही, कारण त्यात पुनःपुन्हा सोसल्याचा त्रागा आहे, असा निवाडा बाईंनी दिला. ‘माझ्यावर रागावला’ या आपल्या रचनेवरून सर्रास केले जाणारे ‘अँग्री ऑन मी’ त्यांनी तिथल्या तिथे खोडले आणि माणसासाठी ‘विथ’, गोष्टीसाठी ‘अबाउट’ हे वाक्यांत वापरून घोटवून घेतले.

विध्वंसाच्या शब्दांतही असाच नेमकेपणा होता. इमारत जमीनदोस्त केली तर ‘रेझ’, आगीत आतून खाक होऊन भिंती तेवढ्या उरल्या तर ‘गट’, काही शोधण्यासाठी किंवा लुटण्यासाठी घर उलथेपालथे केले तर ‘रॅन्सॅक’. इ.स. 455 मध्ये रोम लुटणाऱ्या वँडल टोळ्यांच्या नावावरून फ्रेंच क्रांतीच्या काळात ‘व्हँडॅलिझम’ हा शब्द रूढ झाला, हे सांगताना बाईंनी फार वेळ घेतला, पण ऐकायला कंटाळा आला नाही. ‘लूट’ आणि ‘ठग’ हे शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले, यावर अपेक्षेप्रमाणे हशा पिकला.

हिंसेच्या छापील टिपणात मात्र ‘असॉल्ट’ हा शब्द सरळ मारहाणीच्या रकान्यात टाकला आहे. रोजच्या इंग्रजीत ते खपून जाते. परंतु जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 351 नुसार, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, समोरच्याला आपल्यावर बळाचा वापर होणार अशी धास्ती वाटेल असा हातवारा किंवा तयारी केली, तरी तो ‘असॉल्ट’ ठरतो. अंगाला स्पर्श व्हावा लागत नाही. ‘रॉबरी’ आणि ‘डकॉइटी’ एकाच अर्थाने दिले आहेत, तेही चूक, कारण जबरी चोरीत पाच किंवा अधिक जण सामील असले तरच तिला दरोडा म्हणतात. वर्गात कोर्टनाक्यावर काम करणारी मंडळीही होती, त्यामुळे ही ढिलाई मला जास्त खटकली. चूक दाखवल्यावर बाईंनी ती मान्य केली. टिपण मात्र बदलले नाही.

खोली वातानुकूलित आहे, दुचाकी लावायला जागा नाही. अडीच हजार रुपये शुल्क पत्रकार, अनुवादक आणि लेखन करणाऱ्यांना परवडण्याजोगे आहे. स्पर्धापरीक्षेसाठी शब्द पाठ करायचे असतील तर इतका खर्च करू नये. कायद्याचे काम करणाऱ्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी सुधारित टिपण मागून पाहावे.