पुस्तकं छान, पण आत शिरायचं कोण म्हणून? मराठी ऑडिओबुकच्या ॲपचा वापरानंतरचा अनुभव

ॲप सासूबाईंसाठी घेतलं होतं. पुस्तकांची निवड, आवाज, दर महिन्याला काय नवीन येतं, यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, त्यामुळे मी थोडक्यात उरकते. वाचणारे बहुतेक चांगले आहेत. एकदोघं उगाच नाटकी वाचतात, दार उघडल्याचं वाक्यसुद्धा खून झाल्यासारखं. ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय आईंना फार आवडली, कारण ऐकता ऐकता डोळा लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं वाचन सुटलं ते सुटलंच होतं. आता मेथी निवडताना कानात कुणीतरी चरित्र वाचत असतं. वर्षाचे ११९९ रुपये दिवाळीपर्यंत वसूल झाले, असं मी सगळ्यांना सांगत होते.

मग आईंच्या फोनचा टच गेला, आणि हे लिहायची वेळ आली.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. हाच घोळ तुमच्या फोनवरच्या निम्म्या ॲपमध्ये असणार, बघा उघडून. पहिल्याच पडद्यावर तीन बटणं असतात: मोबाइल नंबरने पुढे चला, गूगलने पुढे चला, आणि खाली बारीक अक्षरांत ई-मेल. माणसाला वाटतं, तिन्ही दारं एकाच घरात उघडत असतील. तसं नाही. तीन दारांमागे तीन घरं आहेत, आणि कुठल्या घरात उभे आहात ते सांगणारी पाटी एकावरही नाही. माझी सगळी तक्रार या पाटीची आहे. बाकी सगळं मी सोडून द्यायला तयार आहे.

नवीन फोन आणला. जुनं सिम घासून पार गेलं होतं म्हणून तेही मोबाइल कंपनीच्या गॅलरीतून, म्हणजे दुकानातून, बदलून घेतलं. ॲप टाकलं, आईंचा नंबर दिला, "ओटीपी पाठवला आहे" असं आलं, आणि ओटीपी काही येईना. फोन लागत होते, नेट चालू होतं, म्हणजे नंबर सुरू आहे हे उघड होतं. पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा करता करता "बरेच प्रयत्न झाले, काही वेळाने पाहा" अशी पाटी लागली. (ही पाटी मात्र अगदी वेळेवर लागते.) कारण नंतर गॅलरीतल्या मुलाने सांगितलं: सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. कुणी तुमच्या नावावर परस्पर दुसरं सिम काढून बँकेचे ओटीपी पळवू नये म्हणून दूरसंचार विभागाने हा नियम केलाय. नियम चांगला आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण "नुकतंच सिम बदललं असेल तर एक दिवस थांबा" एवढी ओळ ॲपवाल्यांना लिहिता आली असती.

दुसऱ्या दिवशी ओटीपी आला. आत गेलो, तर "स्वागत आहे! तुमचं पहिलं पुस्तक निवडा." आईंची यादी नाही, अर्धवट राहिलेलं पुस्तक नाही, वरच्या कोपऱ्यात "सदस्यत्व घ्या" असं लाल बटण. आईंनी विचारलं, "अगं, पैसे भरले होते ना आपण?" हे म्हणाले, "भरून टाक परत, कुठे त्या हजार रुपयांसाठी डोकं लावतेस." आणि माझं उत्तर यायच्या आत यांनी भरूनही टाकले.

हजार रुपयांसाठीच तर डोकं लावायचं असतं. गूगल प्लेवर घेतलेल्या गोष्टीचे पैसे परत हवे असतील तर ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे विनंती करता येते, त्यानंतर मात्र ॲपवाल्यांच्याच मागे लागावं लागतं. मी त्याच रात्री प्ले स्टोअरवर यांच्या फोटोवर दाबून पेमेंट्समधला खरेदीचा इतिहास उघडला आणि विनंती टाकली. पैसे परत आले. या सगळ्या प्रकरणात सर्वात सरळ झालेलं काम हेच.

आता मूळ सदस्यत्व. ग्राहकसेवेला ई-मेल केला. उत्तर आलं, कॅशे (ॲपने साठवलेला तात्पुरता पसारा) साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. मी लिहिलं, फोनच नवीन आहे, साफ काय करू? पुन्हा तेच उत्तर, खाली नाव फक्त वेगळं. जाता जाता, तुम्हालाही असा सल्ला मिळाला तर कॅशे खुशाल साफ करा, काही बिघडत नाही. पण शेजारचं "डेटा साफ करा" दाबलंत तर उतरवून ठेवलेली पुस्तकंही जातात. आणि ॲप काढून टाकलं म्हणून सदस्यत्व थांबत नाही, पैसे कापले जातच राहतात. माझ्या ओळखीत हे माहीत नसलेले लोक बरेच निघाले.

तिसऱ्या उत्तरात पहिल्यांदा कामाचा प्रश्न आला: खरेदीचा क्रमांक पाठवा. गूगल प्लेचा हा क्रमांक जीपीए अक्षरांनी सुरू होतो आणि पावतीच्या ई-मेलमध्ये असतो. तो ई-मेल कुठे? ॲप मागे आमच्या भाच्याने टाकून दिलं होतं, तेव्हा त्याने गूगलचं बटण दाबलं होतं. म्हणजे फोनमध्ये जे जीमेल होतं त्याच नावाने सदस्यत्व. आणि ते जीमेल कुठलं, तर फोन घेताना नवी पेठेतल्या दुकानदाराने काउंटरवर उभ्या उभ्या बनवलेलं. आईंच्या नावापुढे चार आकडे, पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि तो मुलगा आता त्या दुकानात नाही.

असे किती फोन असतील आपल्याकडे! घरातल्या मोठ्या माणसांचा फोन आजच हातात घ्या, सेटिंग्जमध्ये गूगल उघडा आणि ते जीमेल वहीत लिहून ठेवा. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर परत मिळवण्यासाठीचा नंबर घरातलाच आहे ना, तेही पाहा.

आमच्या जुन्या फोनचा पडदा दिसत होता, फक्त बोटाला दाद देत नव्हता. इथे भाच्याने सगळी भरपाई केली. त्याने एक छोटा ओटीजी जोड आणला, चार्जिंगच्या भोकात घातला आणि त्याला संगणकाचा माऊस लावला. फोनच्या पडद्यावर चक्क बाण फिरायला लागला. आई कौतुकाने बघत बसल्या. त्या बाणाने सेटिंग्ज उघडलं, जीमेलचा पत्ता सापडला. मग नवीन फोनवर तो पत्ता टाकून "पासवर्ड विसरलो" केलं, आणि जुन्या फोनवर गूगलचा प्रश्न उमटला, तुम्हीच आत यायचा प्रयत्न करताय का? माऊसने "हो" दाबलं. नेहमीचा फोन आणि घरचंच वायफाय असलं की गूगल लवकर ओळख पटवतं, म्हणून हे काम सायबर कॅफेत किंवा पाहुण्यांकडे बसून करू नका, आणि जुना फोन एक्सचेंजमध्ये द्यायची घाई तर मुळीच करू नका. आम्ही दिलाच होता जवळजवळ, हजार-बाराशेची सूट मिळत होती म्हणून.

गूगलच्या बटणाने ॲपमध्ये गेलो आणि सगळं जसंच्या तसं समोर. अर्धवट पुस्तक त्याच प्रकरणावर थांबलेलं. आई लगेच इअरफोन शोधायला लागल्या.

इथपर्यंत लिहून मी याला एकच तारा देणार होते. मसुदा तसाच पडून राहिला, आणि त्यानंतर दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे मी गूगलच्या खात्याला आईंचा नंबर जोडायला गेले, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्याही बटणाने गेलं तरी तिथेच पोचावं. तर "हा नंबर दुसऱ्या खात्याशी जोडलेला आहे". दुसरं खातं म्हणजे ओटीपीने तयार झालेलं ते रिकामं. ते काढून टाकायची सोय ॲपमध्ये आहे, पण पाटीच नसल्यामुळे आपण भरलेलं खातं उडवतोय की रिकामं, हे कळायला मार्ग नाही. आणि खातं उडवलं तरी गूगल प्लेवरचं सदस्यत्व आपोआप रद्द होत नाही. म्हणजे पुस्तकंही नाहीत आणि वर्षाला पैसेही चालू. मी हात लावला नाही.

मग ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही वेगळं लिहिलं. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपवर देणं, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे, हे त्यात आवर्जून घातलं. यावेळी ठरीव उत्तर आलं नाही. एका मुलीचा फोन आला, अगदी स्वच्छ मराठीत: "काकू, तुम्ही काहीच डिलीट करू नका, मी इथून करते." तिने फोनवर असतानाच रिकामं खातं काढलं, नंबर मूळ खात्याला जोडला, आणि मला बाहेर पडून ओटीपीने आत यायला लावलं. आले. पुस्तकं समोर. इतकं सोपं होतं तर आधीचे ई-मेल कोण लिहीत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून ग्राहकसेवेबद्दलचं वरचं मत अर्धं मागे घेते. माणूस मिळाला तर काम होतं, माणूस मिळेपर्यंत मात्र घाम निघतो.

दुसरी गोष्ट, ॲपचं अपडेट आलं. आता "माझं खातं" असं पान आहे. मी मोठ्या आशेने उघडलं. ई-मेलची पहिली दोन अक्षरं, मग नुसते तारे. माझ्या घरात माझ्या आईंचा ई-मेल माझ्यापासून लपवून काय साधलं? कोणत्या बटणाने आत आलो ते अजूनही लिहिलेलं नाही. पाटी लावली, पण नाव खोडून.

पैशांचं सांगते, कारण नूतनीकरण जवळ आलंय. आम्ही यूपीआय ऑटोपे लावलं होतं. यात १५,००० रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी पिन न विचारता होते, पण कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना आली की जागे व्हा. रद्द करायचं असेल तर आधी प्ले स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीत जाऊन रद्द करा, मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची परवानगी गेली का ते बघा. ॲपच्या आतल्या "रद्द करा"च्या मागे तीन पानं नाराजीची आहेत, "तुमच्या आवडत्या आवाजांना सोडून जाणार?" वगैरे. मी ऑटोपे आत्ताच काढलंय. आईंना हवं असलं की मुदत संपल्यावर हाताने भरीन, तेही सवलत लागली तर.

तर पुस्तकांना साडेचार, लॉगिनला अर्धा, सरासरी तुम्हीच काढा.

एक मदत हवी आहे. माझ्या जाऊबाईंनी हेच ॲप आयफोनवर घेतलं होतं, ॲपलच्या बटणाने, ई-मेल लपवायचा पर्याय निवडून. त्यामुळे ॲपवाल्यांकडे त्यांचा खरा ई-मेल नाही, ॲपलने त्याच्या जागी बनवून दिलेला, प्रायव्हेट रिले असलेला लांबलचक पत्ता आहे. आता त्या अँड्रॉइडवर आल्यात. ॲपलच्या ॲप स्टोअरवरचं सदस्यत्व गूगल प्लेवर हलवता येत नाही हे माहीत आहे, त्याचा आग्रह नाही. पण उरलेले महिने निदान त्याच खात्यात शिरून ऐकता यावेत, तर अँड्रॉइडवर ॲपलचं बटणच दिसत नाही. त्या लपवलेल्या पत्त्यावर ॲपवाल्यांकडून पासवर्ड बदलायची लिंक मागवून कुणी आत गेलं असेल तर जरूर सांगा. जाऊबाईंचे एप्रिलपर्यंतचे पैसे भरलेले आहेत.