हात दुखतोय, पण मूळ मानेत आहे की मनगटात?

मानेचा एमआरआय करावा की मनगटाला पट्टा आणावा असा प्रश्न पडला असेल तर आधी बघा, नेमकी कुठली बोटं बधिर होतायत.

मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबली, म्हणजे कार्पल टनेल, तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सुटते. मुंग्यांनी रात्री झोपमोड होते आणि हात झटकला की बरं वाटतं. मानेतून येत असेल तर मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलवली की कळ हातात उतरते, फऱ्यातही दुखतं, आणि तोच हात डोक्यावर ठेवला की बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

पण खरी गोची इथेच आहे, कारण मानेतली सहावी नससुद्धा अंगठा-तर्जनीतच येते आणि सातवी मधल्या बोटात, त्यामुळे नुसत्या बोटांवरून ठरवलं तर फसायला होतं. म्हणून चांगला फिजिओ ताकद बघतो. कोपर सरळ करताना तुम्ही ढकला, तो अडवणार, तिथे जोर कमी पडला तर संशय मानेवर, कारण त्या स्नायूची नस मनगटातल्या बोगद्यातून जातच नाही. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर उंचवटा असतो ना, तिथली कातडी कार्पल टनेलमध्ये सहसा बधिर होत नाही, तिथे जाणारी नसेची फांदी बोगद्याच्या बाहेरून जाते. मला हीच खूण सगळ्यात भारी वाटते, दोन सेकंदात कळतं.

करंगळी बधिर असेल तर कोपरात नस दबलीय का बघा, विशेषतः फोन कानाला लावून बसल्यावर वाढत असेल तर. खांद्याचं दुखणं बहुतेक वेळा कोपराच्या वरच थांबतं.

आता स्कॅन आधी की तपासणी आधी? माझं स्पष्ट मत, तपासणी आधी. काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही डिस्क सरकलेली दिसते, मग रिपोर्ट बघून मानेवर उपचार चालू होतात आणि मनगट तसंच राहतं. नसेची टेस्ट, एनसीव्ही, उपयोगाची आहे पण सुरुवातीच्या त्रासात नॉर्मल येऊ शकते. आणि कधीकधी दोन्हीकडे दबलेलं असतं, त्याला डबल क्रश म्हणतात, मग उपचारही दोन्हीकडे लागतात.

छातीत दडपण, घाम आणि हात दुखणं एकत्र आलं तर मात्र फिजिओ नाही, थेट इमर्जन्सी. दोन्ही हातांनी बटणं लावता येईनात किंवा चालताना तोल जायला लागला तरी वाट न बघता डॉक्टरकडे जा.