सोलर लावलं आणि चर्चचं लाइट बिल वाढलं

सोलर लावलं की बिल कमी होतं म्हणतात. आमच्या चर्चचं तिप्पट झालं. यवतमाळ जिल्ह्यातली आमची मंडळी लहान, बहुतेक घरं कापूस-सोयाबीनवाल्यांची. कापणीच्या सणाला लोक धान्य, कापूस, कोंबड्या अर्पण करतात, त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांवर वर्षभराची डागडुजी भागते. गेले ते हेच पैसे. मी कमिटीत आहे, सगळे कागद माझ्याकडे आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. देवस्थान असो, बुद्धविहार असो की मशीद, जिथे वर्गणीचा पैसा जमतो तिथे खोटं सांगून सोलर विकणारी ही माणसं पोचतात.

आमच्याकडचा सोलरवाला थेट रविवारच्या उपासनेलाच येऊन बसला. गळ्यात सूर्याचं चित्र छापलेलं ओळखपत्र, हातात टॅब. आशीर्वाद झाल्यावर छताकडे पाहून म्हणाला, "पाळकसाहेब, हे पंखे पंचाहत्तर-पंचाहत्तर वॉट खातात न जी. बिल झिरो करून देतो तुमचं."

पंख्यांचं तो खरं बोलला. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. एवढं खरं ऐकल्यावर पुढचं कोण तपासतो?

कोटेशन आलं: ३ किलोवॉट, २ लाख ४० हजार रुपये. खाली लाल अक्षरात 'पीएम सूर्यघर सबसिडी वजा ७८,०००'. म्हणजे द्यायचे १ लाख ६२ हजार, त्यातले १ लाख आगाऊ. सोबत दोन 'एनर्जी सेव्हर' डबे फुकट.

आता पीएम सूर्यघर ही केंद्र सरकारची योजना काय आहे ते बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सुरू झाली, ती घरांसाठी. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणून जास्तीत जास्त ७८ हजार. पैसे येतात ते काम पूर्ण होऊन, तपासणी होऊन, घरमालकाच्या बँक खात्यात. चर्च कुणाचं घर नाही. तिथे ७८ हजार वजा करून दाखवणारा माणूस मुळातली किंमत फुगवून तेवढीच खाली आणतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ३ किलोवॉट तरी कशाला? चर्चमध्ये पंखे-दिवे चालतात रविवारी सकाळी, बुधवारच्या प्रार्थनेला आणि गायनाच्या तालमीला. महिन्याला शंभरही युनिट जळत नाहीत. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे आमचं काम एका किलोवॉटमध्ये भागून उरलं असतं. पण सबसिडीचा एकूण सगळ्यात मोठा आकडा तीन किलोवॉटला येतो, आणि त्याला तोच आकडा कोटेशनवर मिरवायचा होता.

काम मात्र झपाट्याने झालं. पॅनल रस्त्यावरून दिसावेत म्हणून त्याने समोरच्या उतारावर ठोकले. तो उतार उत्तरेकडचा. आपल्या भागात पॅनलचं तोंड दक्षिणेला लागतं. पत्र्याला भोकं पाडली ती वेगळीच, पहिल्या पावसात वेदीजवळ बादली ठेवावी लागली. उरलेले पैसे घेतले, सोलरसाठी लागणारं वेगळं मीटर, म्हणजे नेट मीटर, 'पंधरा दिवसांत' म्हणून सांगितलं आणि गेला.

बिल आलं ते तीनशेच्या वर युनिटचं. शंभरच्या पुढे युनिटचा दर वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी वाढतो, त्यामुळे रुपयांत ते जास्तच टोचलं. त्याला फोन केला तर म्हणाला, "पहिल्या महिन्यात असंच येते, ॲडजस्ट होते."

शेवटी बाजूच्या गावातल्या एका रिटायर वायरमन काकांना बोलावलं. भर दुपारची वेळ. त्यांनी चर्चमधलं एकेक बटण बंद करायला लावलं. पंखा नाही, दिवा नाही, फ्रीज तर आमच्याकडे नाहीच. तरी मीटरवरचा बारका लाल दिवा टकाटक लुकलुकत होता. काकांनी सोलरचा एमसीबी, म्हणजे मेन खटका, पाडला. लाल दिवा थांबला. पुन्हा चढवला, पुन्हा सुरू.

"हे साधं मीटर आहे भाऊ," काका म्हणाले. "वीज आत आली का बाहेर गेली, त्याले काय समजते? दोन्ही जळालेलीच मोजते."

सोमवार ते शनिवार चर्च रिकामं. छतावर बनलेली वीज वापरायला कोणी नाही, ती तारेवाटे बाहेर जात होती आणि साधं मीटर ती आमच्याच नावावर चढवत होतं. येणारी-जाणारी वीज वेगळी मोजतं ते नेट मीटर, आणि महावितरणने मंजुरी देऊन ते बसवल्याशिवाय सोलर सुरूच करायचं नसतं. पॅनल उत्तरेला होते म्हणून वीज कमी बनत होती, नाहीतर बिल याहून मोठं आलं असतं!

ऑफिसात चौकशी केली तेव्हा आमच्या ग्राहक क्रमांकावर अर्जच नव्हता. त्याने मोबाइलवर दाखवलेली अर्जाची पावती दुसऱ्याच कुणाची तरी.

'लाइन गेली तरी पंखे चालतील' हे त्याचं बोलणंही खोटं निघालं. सोलरचा बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला (ऑनग्रिड) इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, आणि झालाच पाहिजे, नाहीतर छतावरची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसेल. मे महिन्यात बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत म्हाताऱ्या बाया गीतपुस्तकांनी वारा घेत होत्या.

तो फुकटचा 'एनर्जी सेव्हर' डबा आमच्या आयटीआयवाल्या एका पोराने उघडला. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. आपल्यासारख्या लहान जोडणीला बिल येतं जळलेल्या युनिटचं, ते कपॅसिटरने कमी होत नाही. बाजारात कोणी हा डबा विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

पॅनलच्या मागचे नंबरचे स्टिकर खरवडलेले आहेत. नंबर नाही, बिल जीएसटीविना साध्या कागदावर. नेट मीटरच्या अर्जात पॅनलचा आणि इन्व्हर्टरचा तपशील लागतो, तो आणायचा कुठून? म्हणून सध्या एमसीबी पाडलेला आहे. पंखे बदलले, क्रुसावरचा हॅलोजन काढून एलईडी लावला, आणि बिल सोलरच्या आधी होतं त्याहूनही खाली आलं. तुमच्याकडेही आधी एवढंच करा. बिलावरची वर्गवारीही बघा: फक्त उपासनेसाठी वापरली जाणारी जागा घरगुती दरात बसते, हॉल भाड्याने दिला तर तेवढा भाग व्यापारी दरात जातो.

पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली तक्रार दिली आहे. चेकने दिलेले पैसे कागदावर आहेत, लिलावाच्या रोकडीतून दिलेले सिद्ध करायला त्रास होतोय. तुम्ही आगाऊ द्याल तर खात्यावरच द्या आणि मोठा हप्ता नेट मीटर बसल्यावरच सोडा. अर्ज क्रमांक त्याच्या मोबाइलवर पाहू नका, महावितरणच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका हनुमान मंदिराच्या विश्वस्तांनी मला एक कोटेशन पाठवलं. कंपनीचं नाव वेगळं, लाल अक्षरातले ७८,००० तेच, दोन डबेही तेच. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत.