स्वतःच्या पेशी की दात्याच्या?

राजारामपुरीतल्या काकूंच्या डोळ्याचा पडदा झिजलाय. कॅलेंडरच्या चौकटी वाकड्या दिसतात. "माझ्याच कातडीच्या मूळपेशी करायच्या, की दुसऱ्याच्या घ्यायच्या?" त्यांनी विचारलं. मूळपेशी म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या प्रकारच्या, डोळ्याच्या पडद्याच्याही, पेशी बनवता येतात अशा पेशी.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ साली चार जनुकं घालून उंदराच्या प्रौढ पेशी मूळपेशींसारख्या केल्या, तिथून हे सुरू झालं. स्वतःच्या पेशी शरीर सहसा नाकारत नाही. पण प्रत्येकासाठी नव्यानं वाढवायच्या, तपासायच्या. महिनोन्महिने जातात, खर्च अफाट. जपानात २०१४ साली अशा पेशींचं डोळ्यात पहिलं रोपण झालं, दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडले आणि काम थांबलं.

दात्याच्या पेशी तपासून गोठवून ठेवता येतात. नाकारल्या जाण्याची भीती मात्र राहते.

वेळ कमी असेल त्याला दात्याच्या, जुळणारा दाताच नसेल त्याला स्वतःच्या. काकू, डोळ्याच्या पडद्यासाठी दोन्ही अजून प्रयोगातच आहेत. जाहिरात बघून पैसे भरू नका, डॉक्टरांनी सांगितलेलं डोळ्यातलं इंजेक्शन चुकवू नका.